सोमवारचं बंद-चालू

शामराव मगदुमांनी त्या सोमवारी संध्याकाळी हारूणभाईंना विचारलं, "तुमचं मीटर कुठं हाय?" तेव्हा हारूणभाई आधी हसले. दोस्ती चाळीस वर्षांची. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हारूणभाईंचं दुकान, आणि शामराव वीज मंडळाचे वायरमन. त्या गल्लीतल्या एकूण एक घराची वायर त्यांच्या हातून गेलेली. निवृत्तीनंतर रोज पाचच्या सुमारास ते दुकानात यायचे, भोपळ्यांच्या ढिगाशेजारच्या स्टुलावर बसून चहा प्यायचे आणि हारूणभाईंच्या कामातल्या चुका काढायचे. म्हातारा आज वेगळी थट्टा करतोय असं समजून हारूणभाईंनी वर बोट दाखवलं. शामरावांनी मान वर करून मीटर पाहिलं, "चालू हाय, काळजी नको" म्हणाले आणि परक्याच्या घरातून निघावं तसे अदबीनं चपला घालून निघून गेले.

हारूणभाई मागोमाग घरापर्यंत आले. दार तेजस्विनीनं उघडलं. ही शामरावांची एकुलती एक मुलगी, एक्केचाळीस वर्षांची, लग्न न केलेली; त्याबद्दल विचारायचं गल्लीनं दोनेक वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं. हारूणभाई उंबऱ्यावर उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचे अण्णा, म्हणजे शामराव, आत टीव्ही बघत होते. बाहेर कोण आलंय, असं त्यांनी आतूनच विचारलं.

काय झालं ते समजायला तिला वेळ लागला नाही. तिचं कामच ते होतं. स्मरणी बनवणाऱ्या कंपनीचं मदत केंद्र मिरजेत होतं आणि तेजस्विनी तिथली मुख्य तंत्रज्ञ होती.

स्मरणी म्हणजे कानामागे बसवलेली चिंचोक्याएवढी डबी आणि तिच्यातून मेंदूत उतरलेल्या, केसाहून बारीक तारा. ओळखीचा चेहरा दिसला की त्या चेहऱ्याला चिकटलेलं सगळं, म्हणजे नाव, आवाज, जुनी भांडणं, उसनी नेलेली शिडी, एकदम ओढून आणायचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग करतो. स्मृतिभ्रंशात आठवणी सगळ्याच जळून जात नाहीत. पुष्कळशा जागच्या जागी असतात, त्यांना हाक मारणारा तेवढा मरतो. रोगाच्या सुरुवातीला, मेंदू अजून बरा असताना, स्मरणी दोन वर्षं नुसती ऐकत राहायची. कोणता माणूस समोर आला की मेंदूत विजेची कोणती नक्षी उमटते, ते टिपून घ्यायची. माणशी एक फाईल. पुढे मेंदूला ती नक्षी काढता येईनाशी झाली की चेहरा दिसताच, किंवा नुसता फोटो दिसला तरी, स्मरणी ती नक्षी आतून उमटवायची आणि म्हातारा माणूस "अरे, हारूण का?" म्हणायचा. दर भेटीनंतर फाईलमध्ये बारीकशी भर घालायची, एवढंच तिचं रोजचं लिखाण.

फाईल गेली तर मात्र माणूस गेला. पुन्हा शिकवावं तर शिकवणारा मेंदू उरलेला नसायचा. दुसरी प्रत ठेवायलाही बंदी होती. काही वर्षांपूर्वी कुणीतरी अशा नक्ष्या जाहिरातवाल्यांना विकल्या, देशभर बोंब झाली आणि कायदा आला, की मनाची फाईल ज्याच्या त्याच्या डोक्यातच राहील. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेजस्विनीनंही वाजवल्या होत्या.

एरवी अशी तक्रार घेऊन कुणी आलं की ती मऊ आवाजात सांगायची, रोग पुढे सरकतोय, यंत्रालाही मर्यादा असतात. गेल्या वर्षभरात हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं, की ते खरं आहे का हे बघायचं राहून गेलं होतं. हारूणभाईंना मात्र ती ते म्हणू शकली नाही. कारण आदल्या दिवशी, रविवारी, अण्णा त्याच स्टुलावर बसून हारूणभाईंच्या धाकट्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करत होते. रोगानं जाणारा माणूस आधी नावानं जातो, मग चेहऱ्यानं, शेवटी आवाजानं; महिनेच्या महिने लागतात. हारूणभाई एका रात्रीत, स्वच्छ पुसून गेले होते. रोग इतका नीटनेटका नसतो हे तिला माहीत होतं.

मंगळवारी तिनं अण्णांना केंद्रात नेलं आणि स्मरणीला तपासणीची केबल लावली. कायद्यामुळे या केबलमधून फाईलीतला मजकूर दिसत नाही. कोणत्या जागी काहीतरी लिहिलेलं आहे आणि कोणती जागा कोरी आहे, एवढंच कळतं. हारूणभाईंच्या फाईलीचं पहिलंच पान कोरं होतं. सुरुवातीपासून बरोबर चार हजार शहाण्णव जागा शून्य, आणि तिथून पुढे सगळं भरलेलं. पहिल्या पानावर पुढच्या सगळ्याचा पत्ता असतो. ते गेल्यावर उरलेली फाईल असून नसल्यासारखी. मार्चपासून अण्णा तिला तिच्या शाळेबद्दल, लहानपणाबद्दल काही विचारेनासे झाले होते. तिनं भीत भीत त्यांच्या स्मरणीतली स्वतःची फाईल पाहिली. मधे एक कोरी पट्टी होती. तीही चार हजार शहाण्णवची.

मग तिनं तक्रारींच्या नोंदी काढल्या. जतची एक आजी, पंढरपूर रोडवरचे एक निवृत्त मुख्याध्यापक, कागवाडचा एक पैलवान. सगळीकडे तेच भोक, तेच माप. अण्णा शेजारच्या खुर्चीवर शांत बसून तिच्याकडे बघत होते. फ्यूज उडाल्यावर ज्या तोंडानं ते स्वतः बोर्डासमोर उभे राहायचे, तेच तोंड आता लेकीचं झालंय, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी तिला पाणी आणून दिलं.

रोगाला चार हजार शहाण्णव हा आकडा ठाऊक असायचं कारण नव्हतं. चिप खराब झाली म्हणावं तर चिप जाते ती याच्या कितीतरी पट मोठ्या तुकड्यांनी. नक्ष्या लिहिणारा प्रोग्रॅम लहान लहान घास लिहायचा, सातशे-आठशेचे. सगळ्या यंत्रात चार हजार शहाण्णवनं मोजणारा एकच होता, तो म्हणजे कर्नल; ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याच्या हातून गेल्याशिवाय एक अक्षरही चिपवर उतरत नाही. आणि त्याच्यावर संशय घेणं म्हणजे घरातल्या कर्त्या माणसावर चोरीचा आळ घेण्यासारखं होतं. अख्खं जग त्याच्यावर चालतं.

तिनं एक कोरी स्मरणी टेबलावर बांधली आणि तिच्यात दिवसरात्र खोट्या फाईली लिहायला लावल्या. बुधवारी वाचून पाहिल्या, सगळ्या बरोबर. गुरुवारी पाहिल्या, बरोबर. लाखो वेळा लिहून झालं तरी एक भोक पडेना. शुक्रवारी सकाळी टेबलावरचं यंत्र जरा मंद चालायला लागलं, तेव्हा कंटाळून तिनं ते बंद केलं, मनात दहा मोजले, चालू केलं आणि सवयीनं पुन्हा फाईली वाचल्या. दोनशेतल्या एकोणीस फाईलींना भोकं होती.

मग तिनं कागद घेतला आणि स्वतःलाच समजावून सांगितलं, कारण दुसरं कुणी नव्हतं.

पोस्टातला माणूस पत्र घेतो, पोचपावती देतो आणि पत्र थैलीत टाकतो; थैली निघते संध्याकाळी. कर्नल तसंच करतो. प्रोग्रॅमनं लिहायला दिलेलं तो आधी यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, चार हजार शहाण्णवच्या पानांवर ठेवतो, "झालं" म्हणून कळवतो, आणि सवडीनं चिपवर उतरवतो. या कर्नलमधली चूक बारीक होती. एखादं पान चिपवर उतरत असतानाच, नेमक्या त्याच क्षणी, फाईलीत नवी भर पडली, तर त्याचा समज व्हायचा की पान आधीच उतरलंय, आणि चिपवर कोरं पान जायचं. स्मृतीतलं पान मात्र शाबूत. वाचायला मागितलं की तो तेच शाबूत पान दाखवायचा. यंत्र चालू आहे तोवर कुणालाच काही कळायचं कारण नव्हतं. ते बंद केलं की स्मृती पुसली जायची, चालू केलं की चिपवरचं भोक तेवढं शिल्लक राहायचं.

ज्या माणसाला जास्त वेळा भेटावं त्याच्या फाईलीत जास्त वेळा भर, म्हणून भोकंही त्यालाच जास्त. नवरा, बायको, लेक, रोज चहाला येणारा दोस्त. पण रोज लागणारी पानं कर्नल स्मृतीतून सहसा हलवत नाही. म्हणजे ही माणसं चिपवर मेली असली तरी स्मृतीत वर्षानुवर्षं जगली असती, फक्त यंत्र कुणी बंद करायला नको होतं.

आणि यंत्र बंद करायला तेजस्विनीनंच शिकवलं होतं.

दीड वर्षापूर्वी स्मरण्या मंदावल्याच्या तक्रारी आल्या. म्हातारी माणसं चेहऱ्याकडे बघून चार-चार सेकंद थांबायची. पुण्याच्या इंजिनीअरांना कारण सापडेना. तेव्हा तेजस्विनीनं एक परिपत्रक काढलं: दर सोमवारी सकाळी अंघोळ झाल्यावर स्मरणी बंद करा, दहा मोजा, चालू करा. मंदपणा गेला. कंपनीनं तिचं कौतुक केलं. घराघरांत त्या सोमवारचं व्रत झालं. कुणी आधी देवापुढे दिवा लावायचं, जतची एक सून तर सासूची स्मरणी बंद-चालू झाल्याशिवाय तोंडात चहाचा घोट घ्यायची नाही. ही कल्पना तेजस्विनीला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. ती सहा वर्षांची असताना अण्णा तिला कामाला बरोबर न्यायचे, मीटरखाली बॅटरी धरून उभं करायचे आणि सांगायचे, काही बिघडलं तर आधी मेन खाली ओढायचा, दहा मोजायचं, मग वर. निम्मं दुखणं तिथंच जातं.

शनिवारी तिनं पुण्याला कौस्तुभ देवस्थळीला फोन लावला. तो तिचा वरिष्ठ, वयानं लहान, माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, टेबलावरच्या यंत्राचे आकडे मागवले आणि तासाभरानं परत फोन केला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. दुरुस्त केलेला कर्नल बुधवारी सगळ्या स्मरण्यांवर जाईल असं तो म्हणाला. थेट हवेतून, कुणाला काही करावं लागणार नाही. पण नवा कर्नल चढायचा तर यंत्र बंद होऊन चालू होणार, आणि आज स्मृतीत जगत असलेली पानं त्या वेळी जाणार, हे तेजस्विनीनं सांगितलं. थांबलो तर रोज अकरा हजार डोक्यांत नवी भोकं पडतील, असं तो म्हणाला. त्याचंही खरं होतं. यातली वाईट गोष्ट हीच होती की सगळ्यांचं खरं होतं.

काही वाचवता येईल का, हे शोधायला तिला रविवार दुपारपर्यंत वेळ लागला. स्मृतीतली शाबूत फाईल एका दमात, मधे दुसरं काही लिहू न देता, नव्या जागी उतरवली आणि बुधवारपर्यंत तिच्यात भर घालणं थांबवलं, तर भोक पडत नव्हतं. पण स्मरणीची स्मृती टीचभर. एक अख्खी फाईल अशी हलवायला जागा करायची म्हणून कर्नल बाकीच्यांची पानं फेकून द्यायचा. टेबलावर तिनं बारा वेळा करून पाहिलं. पहिली फाईल दर वेळी वाचली. दुसरी एकदाही वाचली नाही.

म्हणजे प्रत्येक घराला एक माणूस वाचवता येणार होता.

हे लोकांना कळवू नकोस, असं कौस्तुभ म्हणाला. तो रागावला नव्हता, विनवत होता. घराघरात कुणाला वाचवायचं यावरून काय होईल याचा विचार कर, नुसतं अपडेट जाऊ दे, लोक रोगाला दोष देतील आणि सावरतील. तेजस्विनीनं फोन ठेवला आणि रविवारी दुपारी तीन वाजता अकरा हजार घरांना संदेश पाठवला. उद्या स्मरणी बंद करू नका. बुधवारी ती आपोआप बंद होणार आहे. त्याआधी एका माणसाची ओळख पक्की वाचवता येईल; कोणाची ते घरात बसून ठरवा आणि आम्हाला फोन करा. खाली तिनं स्वतःचं नाव घातलं. मग ती घरी गेली, कारण तिलाही एक घर होतं.

अण्णा पलंगावर बसून आईच्या फोटोशी बोलत होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण फोटोपुढे बसून ते तिला रोज गल्लीतल्या बातम्या द्यायचे. त्यामुळे आईची, म्हणजे इंदुमतीची, फाईल तेजस्विनीच्या फाईलीइतकीच भरायची. तिनं या वेळी कर्नलला वगळून, थेट चिपला केबल लावून पाहिलं होतं. या आठवड्यात दोघींच्याही फाईलींचं पहिलं पान चिपवर कोरं झालं होतं. दोघी आता फक्त स्मृतीत होत्या.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांना यंत्राचं कळेल की नाही अशी तिला शंका होती, पण विजेवर चालणाऱ्या वस्तूचं दुखणं शामरावांना समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की बंद न करता दुरुस्ती होत न्हाई का. ती नाही म्हणाली. हारूण म्हणून कुणी दोस्त होता, तोही असाच गेला, हे तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. कुणाचं तरी वाईट झाल्याची बातमी ऐकावी तसं.

"एकच न्हवं?" त्यांनी विचारलं.

ती हो म्हणाली. आणि तिला आशा वाटत होती, लाज वाटावी इतकी आशा वाटत होती.

"मग इंदूला ठेव."

तिला राग आला. मेलेल्या आईचा राग आला. इतकी वर्षं औषधं कुणी दिली, अंघोळीचं पाणी कुणी काढलं, यातलं काही ती बोलली नाही, पण तोंडावर आलं असावं. अण्णांनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"तुझी आई माझ्याशिवाय कुणाच्या डोक्यात हाय?"

"माझ्या आहे की, अण्णा."

"तुझ्या डोक्यात आई हाय," ते म्हणाले. "मी सोळा नंबरच्या घरात मीटर बसवाय गेलो आणि शिडी धराय आली, ती इंदू. ती माझ्या एकट्याच्याच डोक्यात हाय. मी सोडलं की ती गेली. तू जिती हायस तेजू. जित्या माणसाला रोज नव्यानं सांगता येतं."

मग थोड्या वेळानं, जरा घाबरून, ते म्हणाले की मी तुला वळखलं न्हाई तर वाईट वाटून घेऊ नगंस, आणि मी घरात घेईना झालो तर मीटर बंद पडलंय म्हण. कुणाच्याबी घरचं मीटर असलं तरी मी बघतोच.

इंदुमतीची फाईल उतरायला सहा मिनिटं लागली. तेवढा वेळ अण्णा फोटोकडे बघत बसले आणि तेजस्विनी पडद्यावर कोऱ्या जागेत पानं भरताना बघत राहिली. शेवटचं पान भरलं. तिनं तिथंच तपासलं, भोक नव्हतं. तिच्या स्वतःच्या फाईलीची स्मृतीतली पानं कर्नलनं जागेसाठी फेकून दिली होती आणि तिथं आता चिपवरचं कोरं पान होतं. अण्णांनी अजून मान वळवली नव्हती. मेंदूत एकदा उठलेली नक्षी विझायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे ती अजून होती. बुधवारची वाट बघण्यात काही अर्थ नव्हता.

"बंद करते," ती म्हणाली.

"मोज," ते म्हणाले.

तिनं डबीची कळ दाबली आणि दोघांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. चारपर्यंत त्यांचा आवाज तिच्यापेक्षा मोठा होता. सहाला त्यांनी तिचा हात घट्ट धरला. आठाला ते तिच्याकडे बघत होते आणि ओठ नुसते हलत होते. दहाला तिनं कळ दाबली. त्यांनी फोटोकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. इंदू नीट उतरली होती. मग आपला हात एका परक्या बाईच्या हातात आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी तो अदबीनं सोडवून घेतला आणि बसा म्हणाले.

सोमवारी मदत केंद्राचे फोन सकाळपासून थांबले नाहीत. कुणाकडे दोन मुलं होती आणि दोघंही गप्प होती. एका घरात आजीनं नातवाचं नाव घेतलं म्हणून लेक रडत होता. कागवाडच्या पैलवानानं आपल्या वस्तादाचं नाव सांगितलं आणि बायको फोनवर हसली, मग तिला पुढं बोलता येईना. तेजस्विनीनं दर वेळी नाव लिहून घेतलं, यंत्र जोडलं, सहा मिनिटं थांबली. दहाच्या सुमाराला जतहून महादेवी बिराजदारांचा फोन आला. सासूची स्मरणी बंद-चालू होईपर्यंत चहा न घेणारी ती सून हीच. त्यांनी संदेश आत्ताच पाहिला होता. पहाटे सहालाच अंघोळी उरकून, नेहमीसारखं दहा मोजून त्यांनी यंत्र चालू केलं होतं, आणि आता सासू त्यांना घरात येऊ देत नव्हती. अंगणात उभं राहून त्या बोलत होत्या.

"माझं काही चुकलं का, ताई? मी एक सोमवार मोडला नाही."

रोग पुढे सरकतोय, हे वाक्य तेजस्विनीच्या जिभेवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर त्या बाईला रात्री झोप लागली असती.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "चूक यंत्रात होती, आणि बंद करायला मी सांगितलं होतं. नाव लिहून घ्या, तेजस्विनी मगदूम."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग फोन बंद झाला. कंपनीनं बुधवारी नवा कर्नल चढवला, गुरुवारी तेजस्विनीला कामावरून कमी केलं, आणि त्या कर्नलनं आजपर्यंत एकही भोक पाडलेलं नाही.

आता तिला दिवसभर घरीच असायचं होतं. सकाळी अण्णा जागे झाले की ती कोण ते त्यांना सांगायची. ते ऐकून घ्यायचे, हो म्हणायचे, पण आत काही उमटायचं नाही. चहा होईपर्यंत ते विसरायचे आणि परक्या घरात आल्यासारखे अवघडून बसायचे. फोटोपुढे मात्र ते तासन् तास बोलायचे. सोळा नंबरचं घर, शिडी, इंदूच्या हिरव्या बांगड्या, सगळं जसंच्या तसं. तिनं एकदा न राहवून विचारलं, मूलबाळ काही? त्यांनी जरा आठवून पाहिलं आणि म्हणाले की न्हाई, ते तेवढं राहिलं. इंदूला लई हौस होती.

त्या दिवशी ती मागच्या दारानं बाहेर गेली, हौदाशी उभी राहून रडली, तोंड धुतलं आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. अण्णांनी दार उघडलं. आमचं मीटर बंद पडलंय, असं ती म्हणाली.

त्यांचा चेहरा बदलला. खुंटीवरची पिशवी घेऊन, टेस्टर खिशात घालून ते तिच्यामागून निघाले, आणि तिनं त्यांना अंगणातून फिरवून त्यांच्याच घराच्या जिन्याखाली मीटरपाशी आणलं. तिथं अंधार होता. घरात बॅटरी धरायला कुणी हाय का, असं त्यांनी विचारलं. तिनं बॅटरी घेतली आणि लहानपणी धरायची तशी, त्यांच्या खांद्यावरून, हाताची सावली पडणार नाही अशी धरली. त्यांनी झाकण काढलं, तारा एकेक करून पाहिल्या आणि मागे न बघता म्हणाले:

"चांगली धरतीस की. कुणी शिकवलं?"

"आमच्या अण्णांनी."

"वायरमन व्हते?"

"हो," ती म्हणाली.

म्हणूनच, असं ते म्हणाले आणि त्यांनी तिला समजावून सांगितलं, की काही बिघडलं तर आधी मेन खाली ओढायचा आणि दहा मोजायचं, घाई करायची न्हाई. मग त्यांनी मेन खाली ओढला. घरातला पंखा बंद पडला. ते मोजायला लागले, आणि बॅटरी हलू न देता ती त्यांच्याबरोबर मोजत राहिली.